कोल्हापूरला एकटं जाताय? आधी वार बघा

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची, जळगावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डिसेंबरमध्ये चार दिवस सुट्टी मिळतेय. एकटीनंच कोल्हापूरला जायचं, शहर बघायचं आणि मनसोक्त खायचं असं ठरवलंय. शनिवारी पोहोचून मंगळवारी निघेन. सगळं मिळून सहा हजार रुपये आहेत. मोबाइलवर बघून बघून चाळीस ठिकाणांची यादी झालीय. आई म्हणते, एकट्या मुलीला खानावळीत कोण नीट वाढणार? त्यात मला ॲसिडिटीचा त्रास. यादीतलं काय ठेवू, काय काढू?
— एक वाचक, जळगाव

उत्तर :

यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर काढा. शनिवार ते मंगळवार हे तुम्ही नेमके अडचणीचे दिवस निवडले आहेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी शहर भरतं, लॉजचे दर चढतात, नाव असलेल्या खानावळींबाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं. सोमवारी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय बंद. मंगळवार हा देवीचा वार, म्हणजे अंबाबाईच्या देवळात रांग. कोल्हापुरात काय बघावं हे कुणीही सांगेल; ते कधी बघावं आणि कधी खावं, यावर तुमची सहल ठरणार आहे.

म्हणून बुधवारी पोहोचा आणि शनिवारी निघा. कोल्हापूरकरांचे मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळ घरांत पाळले जातात. मोठ्या हॉटेलांत मटण रोज मिळतं, पण खप असतो त्या दिवशी पातेलं ताजं असतं, एवढा साधा हिशेब आहे. बुधवार ते शनिवार या बेतात मटणाचे दोन वार हाती लागतात आणि रविवारची झुंबडही टळते. डिसेंबरात बहुतेक मार्गशीर्ष चालू असतो, तेव्हा त्यातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या व्रतामुळे देवळात गर्दी होते. दर्शन बुधवारीच उरका. दत्तजयंती कधी आहे तेही बघून ठेवा. ते पुढे नृसिंहवाडीला जाताना लागेल.

जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट आहे. संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर, आणि परतीची गाडीही कोल्हापुरातून दुपारीच सुटते. मात्र वेळा बदलत असतात, तिकीट काढताना पुन्हा तपासा. पुण्याला उतरून बस धरायच्या फंदात पडू नका. पहाटे झोपमोड होते आणि पैसेही जास्त जातात.

आता सहा हजारांचा हिशेब. स्लीपरनं जाऊन-येऊन हजारभर धरा. तीन रात्रींच्या खोलीला दोन हजार चारशे, खाण्याला दिवसाला साडेचारशे, स्थानिक फिरण्याला पाचशे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते इथे कामाला येईल. एवढं करून तीनेकशे हातात राहतात, आणि ते अडीअडचणीसाठीच राहू द्या. याचा अर्थ असा की हाती शिवलेली चांगली कोल्हापुरी चप्पल या सहा हजारांत बसत नाही. हवी असेल तर तिचे पैसे वेगळे काढा, पण जेवण कापून चप्पल घेऊ नका.

खोली दोन भागांत मिळेल. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक हे दोन्ही शाहूपुरीच्या बाजूला, एकमेकांच्या जवळ आहेत. तिथे लॉज पुष्कळ. दुसरा भाग देवळाभोवतीचा, म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड. एकटीसाठी देवळाचा भाग बरा. रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते, आणि जे बघायचं-खायचं आहे त्यातलं निम्मं पायी होतं. धर्मशाळा स्वस्त पडतात, पण पुष्कळ धर्मशाळा आणि काही लॉजवालेही एकट्या माणसाला खोली देत नाहीत. हे दारात सामान ठेवल्यावर कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात फोनवर कळलेलं बरं. फोन करताना स्पष्ट विचारा : ‘एकटीच आहे, तीन रात्री, आधार कार्ड आहे, खोली द्याल ना?’ हो म्हणाले की समोरच्याचं नाव लिहून घ्या. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, हेही विचारा; बऱ्याच ठिकाणी ते सकाळीच असतं.

बुधवारी दुपारी उतरल्यावर लगेच तिखटावर तुटून पडू नका. रात्रभराचा प्रवास, गाडीतला चार वेळचा चहा आणि रिकामं पोट, हीच ॲसिडिटीची खरी सुरुवात. साधा वरण-भात किंवा दहीभात खा, तासभर पडा. चारच्या सुमारास देवळात जा. गाभाऱ्यापर्यंतची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मुखदर्शन लवकर होतं. अंगभर कपडे घाला. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, देवळाला बाहेरून एक सावकाश फेरी घाला. भिंतीच्या कोनाकोनांत कोरलेल्या योगिनी आणि वादक बघायला बहुतेक लोक थांबतच नाहीत. देवी पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि पश्चिमेचा दरवाजा म्हणजे महाद्वार. म्हणूनच जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावळतीचे किरण आत मूर्तीपर्यंत पोहोचतात, तो किरणोत्सव. डिसेंबरात तो नसतो, तेव्हा कुणी सांगितलं म्हणून संध्याकाळी ताटकळत बसू नका. देवळातून भवानी मंडपात या, जुना राजवाडा बघा, तिथून चालत बिंदू चौक.

आणि मग रात्री पहिलं मटण. साडेसात-आठला जा, नऊनंतर गर्दी वाढते आणि वाढपी घाईत असतात. पद्मा, ओपल, पारख ही जुनी, नावाजलेली नावं आहेत, पण लक्ष्मीपुरी-बिंदू चौकाच्या बाजूला पाटीही धड न दिसणाऱ्या खानावळींतही ताट उत्तम मिळतं. कुटुंबं बसलेली दिसली की बिनधास्त आत जा. ‘एक मटण ताट’ एवढंच सांगा. ताट एकाच माणसाचं असतं, त्यामुळे एकटी असण्याचा इथे तोटा काही नाही. सोबत बिर्याणी मागवू नका. ताटात शेवटी भात येतोच.

ताटात सुक्कं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू आणि भात असतो. बऱ्याच ठिकाणी रस्सा हवा तितका वाढतात, आणि नवख्या माणसाची चूक इथेच होते : वाट्यांवर वाट्या रस्सा पिऊन पोट भरतं आणि मटण ताटात राहतं. पांढरा आला की गरम असतानाच प्यायला घ्या. त्याचा पाया म्हणजे मटण शिजवलेलं अळणी पाणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजूचं वाटण, आलं-लसूण आणि खडा मसाला. गार झाला की वर चरबीची साय धरते आणि चव बसते. ताजा की दुपारचा, हे वाटीकडे बघून कळतं. नारळाचं दूध मोठ्या आचेवर किंवा पुन्हापुन्हा तापवलं की फुटतं. वाटीत बारीक कण वेगळे आणि तेल वेगळं दिसलं, तर तो रस्सा दोन-तीनदा गरम झालेला आहे. ताजा पांढरा एकजीव असतो, चमच्याच्या पाठीला पातळ थर धरतो. तांबड्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी असते. रंग बहुतांशी ब्याडगीचा, झणका संकेश्वरीचा. खानदेशात काळ्या मसाल्याच्या शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला तिखटाची भीती घालण्यात अर्थ नाही, पण हे तिखट वेगळ्या जागी लागतं. खानदेशी तिखट घशात उतरतं, कोल्हापुरी आधी ओठांवर बसतं.

जळजळ झाली की पाणी पिऊ नका. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून दही, ताक, सोलकढी किंवा दूध. दुसरा रस्सा मागताना ‘दादा, अर्धी वाटी’ म्हणा. वाढणारा वयस्क असेल तर ‘मामा’. आईला सांगा, कोल्हापुरात प्रश्न उलटा आहे : नको नको म्हणताना ताटात पडतं, आणि टाकलेलं दिसलं की ‘काय ताई, आवडलं नाही का?’ असं विचारायला मालक स्वतः येतो.

गुरुवार शाकाहाराचा ठेवा आणि चालायचा ठेवा. सकाळी केएमटीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या बसनं कसबा बावड्याला जा. तिथली बावडा मिसळ प्रसिद्ध आहेच. उद्यमनगरची फडतरे मिसळही तितकीच, पण एका सहलीत दोन्हीच्या मागे लागू नका. त्या दोघींत बावडा निवडा, कारण त्या दिवसाचा पुढचा बेत त्याच रस्त्यावर आहे. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी बहुधा स्लाइस ब्रेड येतो आणि रश्श्याला कट म्हणतात. ऑर्डर देतानाच ‘कट वेगळा द्या’ म्हणा. वाटीत मटकी, फरसाण, कांदा आणि लिंबू; त्यावर कट स्वतः दोन-दोन चमचे ओतत जा. सगळा एकदम ओतला की फरसाण लगदा होतं आणि वरचा लाल तवंग पहिल्याच घासात पोटात जातो. खरं तिखट त्या तवंगातच असतं. तो चमच्यानं बाजूला सारून खालचा कट घेतलात, तर चव निम्मी कमी होत नाही, त्रास मात्र निम्मा होतो. मिसळीआधी कोरड्या ब्रेडचा अर्धा तुकडा खा, आणि मिसळीवर चहा नको. गोळी कोणती हे तुम्हाला सांगणारे आम्ही कोण!

पोटभर खाल्ल्यावर बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे. शाहू महाराजांचा जन्म इथे २६ जून १८७४ रोजी झाला. तिथून शहराकडे परत येताना नवा राजवाडा लागतो, मेजर मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला. आतल्या संग्रहात शिकार करून पेंढा भरलेले प्राणी इतके आहेत की काहींना ते आवडतं, काहींना अजीर्ण होतं. वेळ कमी असेल तर राजवाडा बाहेरून बघा आणि तो वेळ टाऊन हॉलला द्या. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतलं हे वस्तुसंग्रहालय छोटं आहे, तिकीटही किरकोळ. तिथे समुद्रदेव पोसायडनची काशाची एक छोटी मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास उत्खनन झालं, तेव्हा सापडलेली. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी इथल्या व्यापाराचे धागे होते, त्याचा हा हातभरही नसलेला पुरावा. मूर्ती बघून झाली की चालत ब्रह्मपुरी आणि पंचगंगा घाटावर जा. जिथे सापडली ती जागा आणि नदी एकाच फेरीत होते.

घाटावरून गंगावेशीत या. इथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात, आणि ‘धारोष्ण दूध प्यायल्याशिवाय जाऊ नका’ असं तुम्हाला दहा जण सांगतील. बघायला जरूर जा. प्यायचं असेल तर मात्र उकळलेलं घ्या. कच्च्या दुधातून काय काय होतं हे तुम्ही दुकानात रोज बघत असालच, आणि प्रवासात पोट बिघडलं की उरलेले दोन दिवस खोलीत जातात. गंगावेस तालीमही इथलीच. आखाड्यात मुलींना सहसा प्रवेश नसतो, कुठे असतोही. दारात उभं राहून वस्तादांना विचारा, परस्पर आत जाऊ नका आणि न विचारता फोटो काढू नका.

संध्याकाळी रंकाळा. सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा साडेपाचला पोहोचा. चौपाटीवरची भेळ घ्या, पण चिंचेचं पाणी कमी घालायला सांगा, नाहीतर ती तळ्याकाठच्या पहिल्या फेरीतच ओली होते. अंधार पडल्यावर तलावाची अख्खी फेरी एकटीनं घालू नका. काही पट्ट्यांत दिवे आणि माणसं दोन्ही कमी असतात. वर्दळीच्या बाजूलाच थांबा. रात्री अख्खा मसूर आणि भाकरी. पुण्या-मुंबईच्या यादीत हा पदार्थ क्वचितच असतो, पण सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तो मन लावून करतात, आणि मटणाच्या दुसऱ्या दिवशी पोटाला तो मानवतो.

शुक्रवारसाठी तुमच्या यादीत पन्हाळा, जोतिबा, खिद्रापूर, नृसिंहवाडी, राधानगरी सगळंच असणार. त्यातलं एकच घ्या. पन्हाळा वीस किलोमीटरवर, एसटीनं सोपा. एकटीनं पहिल्यांदाच बाहेर पडत असाल आणि धाकधूक वाटत असेल, तर तोच घ्या. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना बघून दुपारी झुणका-भाकरी खाऊन परत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तोही आहे, त्यामुळे गर्दी वाढलेली असणार.

पण थोडी तंगडतोड करायची तयारी असेल, तर खिद्रापूर. कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर. आधी एसटीनं नृसिंहवाडी गाठा. गुरुवारी दत्ताचा वार म्हणून वाडीला गर्दी असते, शुक्रवारी ती नसते. दत्तजयंती त्याच दिवशी आली, तर मात्र हा बेत सोडून द्या. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम बघा, बासुंदी खा, कवठाची बर्फी बांधून घ्या. पुढचा कुरुंदवाडवरून खिद्रापूरचा टप्पा हीच खरी अडचण. बस मोजक्या आहेत, आणि जाणारी बस मिळाली म्हणजे येणारी मिळेलच असं नाही. कुरुंदवाड स्थानकावर परतीच्या बसची वेळ आधी विचारा, मगच पुढे जा. बस जुळत नसेल तर जाऊन-येऊन आणि तासभर थांबून असा रिक्षाचा भाव आधीच ठरवा; नुसतं जायचं भाडं ठरवलंत, तर परतीचं तो सांगेल ते द्यावं लागतं.

कोपेश्वराचं हे देऊळ शिलाहारकाळातलं. समोरच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताच्या मधोमध मोठं गोल आभाळ उघडं सोडलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तसाच गोल दगड. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हे तिथे गेल्यावर लक्षात येईल. दुपारी बारा-एकच्या दरम्यान वरून भरपूर उजेड आत येतो तेव्हा खांबांवरचं कोरीवकाम चांगलं दिसतं. आसपास खायला फारसं काही नाही, तेव्हा भाकरी-चटणी वाडीहूनच बांधून घ्या. चारच्या आत तिथून निघा. रात्री कोल्हापुरात दुसरं मटण. या वेळी वाटल्यास अंडा ताट घ्या, रस्से तेच असतात आणि पैसे बरेच वाचतात.

शनिवारची सकाळ खासबागेला द्या. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ मध्ये पूर्ण झालं. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही लाल माती दिसते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, ते बाहेरून बघा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना आहे का, तेवढं आदल्या दिवशी विचारून ठेवा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा अशा पेठांच्या संघांचा सामना मिळाला, तर वस्तुसंग्रहालयं विसरा. गर्दी आरडाओरड्याची असते. एकटीनं जाताना बायका-मुलं बसलेली बाजू बघून तिकीट घ्या.

चप्पल घ्यायचीच असेल तर शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन, दोन-तीन दुकानं फिरून. जोड हातात घेऊन तळ वाकवा. खरं कातडं वाकतं आणि सुरकुती पडून सरळ होतं. आत पुठ्ठा असेल तर तळ कडकन मोडतो, घडीची रेघ राहते. कडेनं शिवण बघा : हाती शिवलेल्या जोडात कातड्याचीच वादी असते, खिळा किंवा चकाकणारा नायलॉनचा दोरा नसतो. वासही घ्या. सालीनं कमावलेल्या कातड्याला मातकट वास येतो, रासायनिक नाही. माप घट्टच घ्या, कारण कातडं पायानुसार सैल होतं. अंगठ्याची वादी मात्र चावत असेल तर दुसरा जोड बघा. घरी गेल्यावर पट्ट्यांच्या आतून खोबरेल तेल लावून पहिले काही दिवस तासभरच घाला, आणि पाण्यात कधीच नाही.

गूळ शेवटी, कारण तो जड. डिसेंबरात गुऱ्हाळं चालू असतात, त्यामुळे बाजारात नवा गूळ असतो. पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग बहुतेक वेळा रसायनानं आणलेला असतो. तपकिरी, जरासा ओलसर दिसणारा घ्या, आणि एक खडा चाखून. खारट लागला तर ठेवून द्या. किलोभर पुरे. काकवीची बाटली घेणार असाल तर झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून घट्ट बंद करा, दोन पिशव्यांत घाला आणि सामानात उभी ठेवा. कांदा-लसूण चटणीचं पाकीट कपड्यांपासून लांब ठेवा. गाडी दुपारी असते, तेव्हा अकराला जेवून खोली सोडा. गाडीत लागेल म्हणून तेवढं दही घ्या.